चार सेकंदांची खडखड

डेपोत सगळे त्यांना रेडिओकाका म्हणत, आणि ते नाव कुणी उगाच ठेवलेलं नव्हतं. सात नंबरची बस चालवताना ते सबंध रस्ता बोलत असत. समोर आडवा आलेल्या सायकलवाल्याशी, न बदलणाऱ्या सिग्नलशी, मागच्या सीटवरच्या कुणाच्याही पोराबाळांशी, आणि कुणीच सापडलं नाही तर गिअरशी. काका गप्प बसले की समजावं, दाढ दुखतेय.

अशा माणसाला एकच मुलगी. ती तीन वर्षांची असताना ताप डोक्यात गेला आणि दोन्ही कान घेऊन गेला. त्याआधी दिवसभर चिवचिवायची म्हणून तिला चिमणी म्हणत. चिवचिव थांबली, नाव तेवढं चिकटून राहिलं. रेडिओकाकांनी मात्र बोलणं थांबवलं नाही. ते हातांनी बोलायला शिकले. शाळेतली खुणांची भाषा चिमणी घरी आणायची आणि संध्याकाळी बापलेक स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभं राहून तिचा सराव करायचे. चिमणीची आई म्हणायची, "आधी तोंडच होतं, आता दोन हातही सुटले."

आता चिमणी अठ्ठावीस वर्षांची होती आणि पाच वर्षांपासून त्याच डेपोच्या वर्कशॉपमध्ये फिटर होती. काम चोख, चेहरा करारी, आणि स्वभाव तिखट. डेपोत दुसऱ्या कुणाला खुणा येत नसत, त्यामुळे काही महत्त्वाचं सांगायचं असलं की रेडिओकाकांना मध्ये उभं राहावं लागे. इकडचं तिकडे, तिकडचं इकडे. आणि इथेच काका जरा गडबड करत.

गडबड अशी, की ते मुलीचं बोलणं धुऊन, पुसून, इस्त्री करून पुढे देत. एकदा शेजारच्या वहिनींनी कौतुकाने विचारलं, "चहा कसा झालाय विचारा हो तिला." चिमणीने हातांनी सांगितलं, "भांडी विसळलेल्या पाण्यासारखा." काका म्हणाले, "फक्कड झालाय म्हणते." वहिनींनी खूश होऊन तिला आणखी एक कप दिला. चिमणी बापाकडे बघत राहिली. लोक आपल्याला नको ते आग्रहाने का देतात, हे कोडं तिला लहानपणापासून होतं. तिला बऱ्यापैकी ओठ वाचता येत, पण बाबांचे नाही. काकांच्या मिशा झालरीसारख्या खालच्या ओठापर्यंत आल्या होत्या.

काकांचा हेतू वाईट नव्हता. पोरीचं जगात कुणाशी वाकडं येऊ नये, एवढंच.

तर झालं असं, की सात नंबरची सर्व्हिसिंग झाली आणि त्यानंतर लगेचच सकाळी गाडी सुरू करताना एक खडखड येऊ लागली. पत्र्याच्या डब्यात खिळे टाकून हलवावेत तशी. चार सेकंद यायची आणि मग आपोआप बंद व्हायची. दिवसभर गाडी सुतासारखी सरळ. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा खडखड. काकांनी पहिले दोन दिवस कानाडोळा केला, तिसऱ्या दिवशी फोरमनला गाठलं.

फोरमन पन्नाशीचे, जाड भिंगांचा चष्मा, कामाचे पक्के, पण एकदा बोललेला शब्द मागे घ्यायची सवय नसलेले. त्यांनी एक सकाळ उभं राहून ऐकलं आणि निदान करून टाकलं. "वय झालं गाडीचं, काका. वरचे भाग झिजलेत. इंजिन उतरवावं लागेल."

"अहो, महिन्यापूर्वी तर काही नव्हतं."

"महिन्यापूर्वी माझाही गुडघा दुखत नव्हता."

मग अकरा नंबरनेही तशीच खडखड सुरू केली, आणि चौदानेही. तीन गाड्या. डेपोला नवीन आलेल्या मॅनेजर मॅडमनी फोरमनचा अहवाल वाचला आणि तिन्ही इंजिनं बाहेर ओव्हरहॉलला पाठवायचं ठरवलं. दीड-दोन महिने गाड्या उभ्या राहणार होत्या. सात नंबरचा रस्ता टेकडीपलीकडच्या वस्तीतून जायचा. तिथे दुसरी बस नव्हती. रेडिओकाकांना त्या रात्री जेवण गेलं नाही, आणि ते गप्प बसले. चिमणीने आईला खुणेने विचारलं, "दाढ?"

"दाढ नाही," आई म्हणाली. "गाडी."

काकांनी सगळं सांगितलं. चिमणीला हे माहीतच नव्हतं! आवाजाची तक्रार म्हणून कुणी तिच्यापर्यंत आणलीच नव्हती. ती दुसऱ्या शेडमध्ये ब्रेकच्या कामाला होती.

"उद्या गाडी सुरू करायच्या आधी मला बोलवा," ती म्हणाली.

सकाळी ती पाने-बिने काही न घेता आली. इंजिनचं झाकण उघडलं, एक हात वरच्या कव्हरवर ठेवला, दुसरा खाली, आणि सुरू करा अशी मान हलवली. फोरमन तिथेच होते. हसून म्हणाले, "आवाजाची तक्रार आहे हो काका. तिला कशाला ताप देता?"

चिमणीने भुवया उंचावून विचारलं, काय म्हणतात?

"म्हणतात, नीट बघ," काकांनी सांगितलं, आणि चावी फिरवली.

चार सेकंद तिचे डोळे मिटलेले होते. मग तिने ते उघडले, काकांना इंजिन बंद करायला लावलं, लगेच पुन्हा सुरू करायला लावलं. दुसऱ्यांदा काही नाही. तिने बोटावर बोट आपटून दाखवलं: पहिल्यांदा असं. मग तळहात हवेत सपाट फिरवला: दुसऱ्यांदा असं. फोरमन तोवर निघून गेले होते.

त्या दिवसापासून तीन सकाळी तिने तेच केलं, आणि फक्त सात नंबरवर नाही. अकरा, चौदा, आणि बिनतक्रारीच्या पाच आणि नऊ नंबरवरही. काकांना ती स्टिअरिंगवर बसवायची, कारण तिला आणखी एक गोष्ट हवी होती.

"ऑइलचा लाल दिवा विझला की हात वर करा."

काकांनी केला. पाच नंबरला दिवा पापणी लवते न लवते तोच विझला. नऊलाही. सात नंबरला मात्र दिवा जळत राहिला, जळत राहिला, आणि मग विझला. आणि तो विझला त्याच क्षणी चिमणीने कव्हरवरचा हात उचलला. थरथर तिथेच संपली होती.

"किती दिवस दिवा असा उशिरा विझतोय?" तिने विचारलं.

काका ओशाळले. बारा वर्षं ते त्या गाडीवर होते. "मी ऐकत होतो गं. बघितलं कुठे?"

ती पहिल्यांदा हसली. मग बोनटच्या धुळीवर बोटाने चित्र काढून बापाला समजावू लागली. गाडी रात्रभर उभी राहिली की तेल सगळं खालच्या टाकीत उतरतं. पण फिल्टरमध्ये एक रबरी पडदा असतो, तो फिल्टरमधलं तेल अडवून धरतो. सकाळी चावी फिरवली की फिल्टर भरलेलाच असतो, म्हणून पंपाने ढकललेलं तेल थेट वर पोहोचतं. पडदा नीट बसला नाही, तर रात्रीत फिल्टर रिकामा. मग सकाळी आधी फिल्टर भरणार, आणि तोवर वरचे भाग कोरडेच एकमेकांवर आपटणार. चार सेकंद.

"आणि दुपारी?"

"दुपारी रिकामा व्हायला वेळच मिळत नाही. तुम्ही दहा मिनिटांत परत निघता."

"म्हणजे इंजिन चांगलं आहे?"

"आज आहे. रोज सकाळी असंच आपटत राहिलं तर राहणार नाही." ती थांबली, आणि मग हात जरा आखडते घेऊन म्हणाली, "तिन्ही गाड्यांना सर्व्हिसिंगमध्ये नवे फिल्टर लागलेत. गेल्या महिन्यात आलेल्या खोक्यातले. पाच आणि नऊला अजून जुनेच आहेत."

ते खोकं कुणी मागवलं होतं ते डेपोत सगळ्यांना माहीत होतं. आधीचा माल बंद करून हे फिल्टर मॅडमनी स्वतः निवडले होते. आल्या आल्या घेतलेला त्यांचा पहिला मोठा निर्णय होता तो.

"हे आपण फोरमनना हळूच सांगू," काका म्हणाले.

"हळूच कशाला? मी वेळ मागितली आहे. कागदावर लिहून. अकरा वाजता. फोरमनही येतील."

अकरा वाजता चिमणी मॅडमच्या खोलीत दोन काचेच्या बरण्या आणि दोन फिल्टर घेऊन शिरली. मॅडम चाळिशीच्या, टापटीप, टेबलावर एकही कागद वाकडा नाही. फोरमन खिडकीशी हाताची घडी घालून उभे. चिमणीने टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं. दोन्ही फिल्टरांत तेल भरलं, मधल्या भोकाला बूच मारलं, म्हणजे तेल गळलं तर पडद्याकडूनच गळेल, आणि दोन्ही उलटे करून एकेका बरणीच्या तोंडावर ठेवले. डावीकडे जुन्या मालातला, उजवीकडे नव्या. दोन्ही कोरे करकरीत. मग हात पुसले आणि बोलायला लागली.

तिचे हात भराभर चालत होते. काका बघत होते आणि त्यांना घाम फुटत होता. ती म्हणत होती, "तुम्ही वाईट माल घेतला. त्यातलं तेल रात्रीत गळतं, म्हणून सकाळी खडखड होते. खोकं उघडून एकही फिल्टर तपासला नाही. आणि फोरमननी तीन इंजिनं उघडायला सांगितली, पण एक फिल्टर उघडला नाही. पाच वर्षं मी इथे आहे, पण मला कुणी विचारलं नाही, कारण मला ऐकू येत नाही. ज्यांना ऐकू येतं त्यांनी काय ऐकलं?"

"काय म्हणतात त्या?" मॅडमनी विचारलं.

काकांनी घसा साफ केला. "ती म्हणते मॅडम, की इंजिन उतरवायच्या आधी जमलं तर एकदा फिल्टरकडेही नजर टाकली तर बरं होईल. म्हणजे हरकत नसेल तर. फोरमनसाहेबांचा अनुभव मोठा आहेच."

मॅडम प्रसन्न हसल्या. फोरमननीही मान डोलावली.

चिमणीने मॅडमच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग फोरमनच्या, मग बापाच्या. आणि टेबलावर अशी थाप मारली की बरण्या थरथरल्या.

"तुम्ही काय सांगितलंत?"

"तू म्हणालीस तेच," काकांचे हात म्हणाले.

"नाही. मी जे बोलले त्यावर कुणी हसत नाही."

काका उघडे पडले. मॅडमच्या त्या एका हसण्यावरून तिला सगळंच कळलं असावं. मागची सगळी वर्षं, सगळे जास्तीचे चहा. तिच्या डोळ्यांत राग होता, पण त्याहून वाईट म्हणजे दुखावल्याचं काहीतरी होतं.

"तुम्ही माझा आवाज आहात ना?" तिने विचारलं. "मग तो माझा असू दे. चुकला तर माझा चुकेल."

रेडिओकाका आयुष्यात इतके लाजले नव्हते. ते मॅडमकडे वळले.

"मॅडम," ते म्हणाले, "मगाशी मी खोटं सांगितलं. आता ती म्हणाली तेच सांगतो, शब्द न शब्द. राग आला तर तिच्यावर काढा, ती समर्थ आहे." आणि सांगितलं. तुम्ही वाईट माल घेतला, इथपासून ज्यांना ऐकू येतं त्यांनी काय ऐकलं, इथपर्यंत. बोलता बोलता काकांच्या लक्षात आलं, की आपला आवाज चढलाय आणि मान ताठ झालीय. हे बोलणं किती नेमकं होतं! त्यात एक शब्द जास्त नव्हता. ते स्वतः पन्नास वर्षांत इतकं नेमकं कधी बोलले नव्हते. छाती भरून आली त्यांची. ही माझी मुलगी बोलतेय, त्यांना वाटलं, आणि मी हिच्या बोलण्याला घाबरत होतो!

खोलीत कुणी हसत नव्हतं.

फोरमन लाल झाले. "काका, हे फार होतंय. नव्या मालाला कंपनीचं प्रमाणपत्र आहे. आणि आवाजाचं म्हणाल तर—"

"थांबा," मॅडम म्हणाल्या. त्या बरण्यांकडे बघत होत्या.

डावीकडच्या बरणीच्या तळाशी तेलाचे दोन थेंब होते. उजवीकडच्या बरणीत, एवढ्या वेळात, दोन बोटं तेल जमलं होतं आणि फिल्टरमधून दोऱ्यासारखी बारीक धार अजून उतरत होती. सगळे बघत राहिले. घड्याळाचा काटा पुढे सरकत होता आणि तेल चढत होतं.

मॅडमनी विचारलं, "हे आतून बघता येईल का?"

काकांनी खूण करायच्या आधीच चिमणीने होकाराची मान हलवली. मॅडम तिच्याकडे तोंड करून बोलल्या होत्या, आणि त्यांना मिशा नव्हत्या.

वर्कशॉपमध्ये नेऊन तिने दोन्ही फिल्टर कापले. जुन्यातला रबरी पडदा कानाच्या पाळीसारखा मऊ होता; दाबला की वाकायचा आणि परत जागेवर यायचा. नव्यातला उन्हात विसरलेल्या चपलेसारखा कडक, आणि एका बाजूने कड उचललेली. फोरमननी तो चष्म्याजवळ नेला. अंगठ्याने दाबला. पुन्हा दाबला. मग कापलेला फिल्टर हलकेच खाली ठेवला.

"निर्णय माझा होता," मॅडम म्हणाल्या. "पूर्ण खोकं परत जाईल. उद्यापर्यंत तिन्ही गाड्यांना जुन्या मालातले फिल्टर बसवा. परवा सकाळी मी स्वतः येते."

ठरलेल्या सकाळी पाऊणशे माणसं जमली होती. डेपोत एवढी गर्दी फक्त पगारपत्रक लागतं तेव्हा होते. कंडक्टर, क्लीनर, तिकीटखिडकीवरच्या बाई, सगळे सात नंबरभोवती कोंडाळं करून. चिमणीने कव्हरवर हात ठेवला. काकांनी चावी फिरवली.

इंजिन सुरू झालं. नुसतं सुरू झालं. खडखड नाही, काही नाही. लाल दिवा विझला तेव्हा काकांचा हात वर जायलाही वेळ मिळाला नाही. टाळ्या पडल्या, मग कुणाला तरी सुचलं आणि सगळ्यांनी दोन्ही हात वर करून पंजे हलवले, तिला दिसतील असे. हे त्यांना कुणी शिकवलं होतं कोण जाणे. चिमणी आधी गोंधळली, मग मान खाली घालून कपड्याने स्वच्छ हात पुन्हा पुसू लागली.

चौदा नंबरही गप्प. पण अकरा नंबर सुरू झाली आणि खडखडली. थोडी कमी, पण खडखडली. गर्दीत कुजबुज झाली. सवयीने काकांच्या मनात सारवासारवीची दोन-तीन वाक्यं तयारही झाली. चिमणी मात्र कव्हरवर हात ठेवून बराच वेळ उभी होती. मग ती सरळ फोरमनसमोर गेली आणि हातांनी बोलली.

काकांनी सांगितलं, शब्द न शब्द: "या गाडीबद्दल तुमचं बरोबर होतं. हिचं दुखणं वेगळं आहे, झिजेचं, इंजिनातल्या साखळीच्या बाजूला. माझं चुकलं."

तीस वर्षांत फोरमनच्या तोंडून जे वाक्य निघालं नव्हतं, ते या पोरीने भर गर्दीत, कपाळावर आठी न आणता म्हणून टाकलं होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला.

"काका," ते म्हणाले, "तिला विचारा, अकरा नंबर आज माझ्याबरोबर उघडेल का? इंजिन न उतरवता. मला वाटतं जमेल."

रेडिओकाकांचे हात उचलले गेले होते. त्यांनी ते खाली घेतले.

"तुम्हीच विचारा," ते म्हणाले. "समोर उभे राहा, सावकाश बोला. तिला कळतं."

फोरमन अवघडले. मग चिमणीसमोर उभे राहिले आणि एकेक शब्द तोडून बोलू लागले, बोटाने गाडी दाखवत, हाताने पाना फिरवल्यासारखं करत. चिमणीने नीट बघितलं, खिशातून खडू काढला आणि फरशीवर काहीतरी रेखाटायला बसली. फोरमन धोतराचा सोगा सावरावा तसे पॅन्टचे गुडघे वर ओढून तिच्याशेजारी उकिडवे बसले, आणि दुखऱ्या गुडघ्याची तक्रार केली नाही.

काकांना उशीर झाला होता. त्यांनी सात नंबर फाटकाबाहेर काढली. टेकडीच्या पायथ्याशी पहिल्या थांब्यावर रोजच्या आजी काठी टेकत चढल्या आणि कुरकुरल्या, "सात मिनिटं उशीर. आज काय झालं?"

"आजी, बसा आधी," रेडिओकाका म्हणाले. "सांगतो. माझी मुलगी आहे ना, डेपोत फिटर आहे ती—"

टेकडी चढून उतरेपर्यंत तीन थांबे झाले. प्रत्येक थांब्यावर नवीन माणसं चढली आणि काकांनी प्रत्येक वेळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. अकरा नंबरचंही सांगितलं.